लहान बोअरच्या छऱ्याच्या बंदुका

गुळगुळीत नळीच्या आणि एका बारात अनेक बारीक शिसगोळ्या (छरे) फेकणाऱ्या बंदुकांपैकी ज्यांच्या नळीचा व्यास बारा बोअरच्या बंदुकीपेक्षा कमी असतो, त्यांना लहान बोअरच्या बंदुका म्हणतात. वीस बोअर, अठ्ठावीस बोअर आणि ०·४१० इंच व्यासाची ‘फोर-टेन’ हे त्यांचे मुख्य प्रकार होत. सोळा बोअरची बंदूक मोठ्या व लहान बंदुकांच्या सीमेवर आहे. यूरोपात तिला अद्याप चाहते असले, तरी इतरत्र तिचा प्रसार ओसरला आहे. चोवीस व बत्तीस बोअरच्या बंदुका आता क्वचितच आढळतात. बोलीभाषेत ‘छऱ्याची बंदूक’ हा शब्द पुष्कळदा जत्रेत फुगे फोडण्यासाठी मांडलेल्या हवाई बंदुकीलाही लावतात. ती दाबलेल्या हवेने एकच छरा फेकते व तिचा प्रस्तुत प्रकाराशी संबंध नाही.

पक्ष्यांच्या शिकारीत व उडत्या लक्ष्यावरील नेमबाजीत या बंदुकांविषयी फार पूर्वीपासून एक विशेष ओढ दिसून येते. बारा बोअरची बंदूक अधिक छरे फेकते, तिची काडतुसे सर्वत्र मिळतात व ती स्वस्तही पडते. असे असताना जाणत्या नेमबाजाने मुद्दाम कमी छऱ्यांची बंदूक का निवडावी, हा प्रश्न वरवर वाटतो तितका साधा नाही. या निवडीमागे हौस जशी आहे, तसे काही भौतिक नियमही आहेत आणि काही भ्रमही आहेत.

बोअरचे गणित : एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या केल्या, तर प्रत्येक गोळी लहान होते. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळीचा व्यास कमी होतो. ही पद्धती तोफांच्या व ठासणीच्या बंदुकांच्या काळापासून चालत आलेली आहे. या हिशेबाने बारा बोअरच्या नळीचा व्यास सु. १८·५ मिमी., सोळाचा १६·८ मिमी., वीसचा १५·६ मिमी. व अठ्ठावीसचा १४ मिमी. भरतो. फोर-टेनचे नाव मात्र या पद्धतीतले नाही. तो इंचांत मोजलेला प्रत्यक्ष व्यास (सु. १०·४ मिमी.) आहे. गोळ्यांच्या हिशेबाने ती साधारणपणे सदुसष्ट बोअरची बंदूक ठरेल.

फोर-टेन या नावाने भारतात आणखी एक गोंधळ होतो. ब्रिटिश अमदानीत इशापूर येथील कारखान्यात जुन्या ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी ०·४१० व्यासाची मस्कट तयार करण्यात आली. तिचे काडतूस रायफलीच्या काडतुसावर बेतलेले असून ते शिकारीच्या फोर-टेनच्या काडतुसाहून अगदी वेगळे आहे.

छऱ्यांचा भार : पारंपरिक इंग्रजी काडतुसात बारा बोअरसाठी १ १/१६ औंस (सु. ३० ग्रॅ.), सोळासाठी १ औंस (सु. २८ ग्रॅ.), वीससाठी ७/८ औंस (सु. २५ ग्रॅ.), अठ्ठावीससाठी ३/४ औंस (सु. २१ ग्रॅ.) व फोर-टेनच्या अडीच इंची काडतुसासाठी सु. १/२ औंस (१४ ग्रॅ.) छरे भरतात. इंग्रजी मापाचे आठ नंबरचे छरे एका औंसात सु. ४५० बसतात. त्यानुसार बारा बोअरच्या एका बारात सु. ४७८, वीसच्या बारात ३९४, अठ्ठावीसच्या बारात ३३८ आणि फोर-टेनच्या बारात २२५ छरे सुटतात. छऱ्यांचा नंबर वाढला की छरा बारीक होतो. लावा व तत्सम पक्ष्यांसाठी आठ-नऊ नंबर, तित्तरासाठी सहा-सात नंबर असा सर्वसाधारण प्रघात होता. एल्‌जी व एस्‌जी हे भरड छरे औंसात अनुक्रमे सहा व आठच बसतात. ते डुकरासारख्या जनावरांसाठी वापरीत.

लहान बंदुकीचा मार दुबळा असतो, तिचा छरा हळू जातो, ही समजूत चुकीची आहे. सर्व बोअरच्या काडतुसांत छऱ्यांचा आरंभीचा वेग साधारणपणे सेकंदाला ३५० ते ४०० मी. असतो. त्याच नंबरचा छरा त्याच वेगाने निघाला, तर पंचवीस मीटरांवर त्याचा आघात बाराच्या नळीतून आला काय किंवा अठ्ठावीसच्या नळीतून आला काय, सारखाच असतो. तसेच लहान बंदूक छऱ्यांचे लहान वर्तुळ पाडते, ही समजूतही बरोबर नाही. वर्तुळाचा विस्तार मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनावर (चोक) अवलंबून असतो. फरक पडतो तो वर्तुळाच्या दाटपणात.

एक उदाहरण घेऊ. सौम्य आकुंचनाच्या नळीतून सुटलेल्या छऱ्यांपैकी सु. निम्मे छरे चाळीस यार्डांवर (सु. ३६·५ मी.) ७६ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात पडतात, असे धरतात. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सु. ४,५४० चौ. सेंमी. आहे. बारा बोअरचे २३९ छरे त्यात पडले, तर सरासरी १९ चौ. सेंमी. जागेत एक छरा येतो. अठ्ठावीस बोअरच्या बाबतीत ही जागा २७ चौ. सेंमी. होते, तर फोर-टेनच्या बाबतीत ४० चौ. सेंमी. लावा हा जेमतेम मुठीएवढा पक्षी. तो तत्काळ मरावा यासाठी त्याच्या देहात निदान दोन-तीन छरे बसावे लागतात. चाळीस यार्डांवर फोर-टेनचा नेम अचूक असूनही पक्षी छऱ्यांच्या मधल्या पोकळीतून निसटू शकतो किंवा, जे अधिक वाईट, एकच छरा घेऊन दूर झुडपात जाऊन मरतो. म्हणून जाणकारांनी अठ्ठावीस बोअरचा भरवशाचा पल्ला सु. तीस यार्ड व फोर-टेनचा पंचवीस यार्डांच्या आतबाहेर मानला आहे. लहान बंदुकीच्या पल्ल्याची मर्यादा छऱ्याच्या बळाची नसून छऱ्यांच्या संख्येची आहे, हे ध्यानात न घेतल्याने या बंदुकांविषयी वाजवीपेक्षा जास्त स्तुती आणि वाजवीपेक्षा जास्त निंदा दोन्ही झाली आहेत.

फोर-टेनला आणखी एक अडचण आहे. तिच्या अरुंद काडतुसात छऱ्यांची रास उंच व बारीक होते. बार सुटताना खालचे छरे वरच्यांच्या दाबाखाली चेपतात, कडेचे नळीला घासतात आणि बिघडलेल्या आकाराचे छरे भरकटतात. अठ्ठावीस बोअरमध्ये राशीची उंची व रुंदी यांचे प्रमाण अधिक अनुकूल असल्यामुळे तिचे वर्तुळ अपेक्षेपेक्षा एकसारखे पडते, असा नेमबाजांचा अनुभव आहे. तिच्या लौकिकात या अनुभवाचा वाटा मोठा आहे.

वजन, तोल व धक्का : एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध इंग्लिश बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावे सांगितला जाणारा एक ठोकताळा असा, की बंदुकीचे वजन छऱ्यांच्या भाराच्या ९६ पट असावे. एक औंस भाराला त्यामुळे सहा पौंडांची (सु. २·७ किग्रॅ.) बंदूक लागते. ७/८ औंसाला सव्वापाच पौंड (सु. २·४ किग्रॅ.) पुरतात. भार कमी केला की बंदूक हलकी करता येते आणि तरीही खांद्यावर बसणारा धक्का असह्य होत नाही. लहान बोअरच्या आकर्षणाचे मूळ येथे आहे. दिवसभर ढेकळांतून व काट्याकुट्यांतून चालणाऱ्या माणसाला अर्धा किलोग्रॅम वजनाचा फरक सकाळी जाणवत नाही, तिसऱ्या प्रहरी जाणवतो. हलकी बंदूक खांद्याशी लवकर येते आणि अनपेक्षितपणे पायाखालून उडालेल्या पक्ष्यावर तिची नळी चटकन वळते.

मात्र या गुणाला दुसरी बाजू आहे. जी बंदूक चटकन वळते ती चटकन थांबतेही. उडत्या लक्ष्याच्या पुढे नेम धरून बार काढल्यावरही नळी फिरती ठेवावी लागते. हलक्या बंदुकीची नळी ऐन क्षणी अडखळते आणि बार पक्ष्याच्या मागे जातो. जड बंदूक तिच्या स्वतःच्या वेगाने नेमबाजाचा हा दोष झाकून घेते. हलकी बंदूक तो उघडा पाडते.

धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळा मिटणे किंवा खांदा आखडणे हा नवशिक्याचा सर्वांत हट्टी दोष असतो व एकदा जडला की तो वर्षानुवर्षे जात नाही. त्यामुळे लहान चणीच्या व्यक्ती, स्त्रिया व मुले यांना आरंभी वीस बोअरची बंदूक देणे श्रेयस्कर ठरते. मुलांच्या हाती फोर-टेन देण्याची चाल मात्र जगभर रूढ असली, तरी ती विचाराअंती समर्थनीय वाटत नाही. फोर-टेन ही सर्वांत हलकी असली, तरी तिचा बार सर्वांत विरळ असतो आणि ती सर्वाधिक कौशल्य मागते. जे अवजार कसलेल्या हाताला कठीण ते बालकाच्या हाती देऊन त्याच्याकडून यशाची अपेक्षा करणे, हा उलटा न्याय होय. फोर-टेन ही लहानांची बंदूक नसून तज्ञांची बंदूक आहे.

येथे सुरक्षिततेचाही एक मुद्दा नमूद करणे आवश्यक आहे. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत घातले, तर ते घरंगळत पुढे जाऊन नळीत अडकते. बंदूक रिकामी आहे असे समजून मागून बाराचे काडतूस भरले व बार काढला, तर नळी फुटून हात वा डोळा जाण्याचा धोका असतो. याच कारणाने वीस बोअरच्या काडतुसांची टोपणे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला आहे. एका घरात दोन बोअरच्या बंदुका असल्या, तर त्यांची काडतुसे एकाच खिशात कधीही ठेवू नयेत.

ऐतिहासिक आढावा : ठासणीच्या बंदुकांत बोअरचे नेमके माप फारसे महत्त्वाचे नव्हते. दारू व छरे हाताने भरावयाचे असल्याने जो तो आपल्या नळीप्रमाणे भार ठरवी. फ्रान्समध्ये काझिमीर लफोशे याने १८३६ च्या सुमारास मागून काडतूस भरण्याची बंदूक प्रचारात आणली व त्यानंतर ठरावीक मापांना महत्त्व आले. १८७५ मध्ये बर्मिंगहॅम येथे अँसन व डीली यांनी घोडे आत दडविलेली सुटसुटीत रचना तयार केली. पुढील दुनळी बंदुकांपैकी बहुसंख्य बंदुका तिच्यावर आधारलेल्या आहेत. याच दशकात नळीच्या तोंडाचे आकुंचन शास्त्रशुद्ध रीतीने करता येऊ लागले. त्यामुळे थोडे छरेही दाट पाडता येऊ लागले आणि लहान बोअरच्या बंदुका केवळ खेळणे न राहता उपयुक्त ठरल्या. लंडनच्या कारागिरांनी त्यांचे सांगाडे, चाप व दस्ते त्या त्या मापाला शोभतील असे बारीक घडविले. बारा बोअरच्या सांगाड्यावर अठ्ठावीसची नळी बसविली, तर बंदूक बेढब होते व तिचा मुख्य गुणच नाहीसा होतो. म्हणून उत्तम लहान बंदूक मोठ्या बंदुकीपेक्षा स्वस्त न पडता पुष्कळदा महाग पडते.

भारतातील स्थिती : भारतात बारा बोअरने इतर सर्व मापांना मागे टाकले, याची कारणे शिकारीपेक्षा व्यवहारात शोधावी लागतात. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक ठरविला. १९५९ च्या कायद्यानेही (अंमल १९६२ पासून) तेच तत्त्व कायम ठेवले. परवान्यावर एखादीच बंदूक घेता येत असेल, तर माणूस लाव्यापासून डुकरापर्यंत सर्वांना चालणारी बंदूक घेणार, हे उघड आहे. बारा बोअरमध्ये सकाळी आठ नंबर व संध्याकाळी एल्‌जी भरता येतो. अठ्ठावीसमध्ये ती सोय नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी काडतुसांची आवक आटली. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होणारी ‘शक्तिमान’ ही बारा बोअरची काडतुसे मात्र तालुक्याच्या गावच्या परवानाधारक विक्रेत्याकडेही मिळत. त्यामुळे संस्थानिकांच्या किंवा जुन्या घराण्यांच्या कपाटातील वीस व अठ्ठावीस बोअरच्या विलायती बंदुका काडतुसांअभावी मुक्या होत गेल्या.

प्रत्यक्ष भूमी पाहिली, तर महाराष्ट्राच्या पठारी भागाला लहान बंदूकच अधिक साजेशी होती. यासाठी मराठवाड्यातील तेरणा खोऱ्याचे उदाहरण घेता येईल. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर हे गाव प्राचीन तगर म्हणून व संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. सभोवती काळ्या जमिनीतील ज्वारी, हरभरा व तुरीची शेते, मधूनमधून खडकाळ माळ, बोरी-बाभळींची झुडपे आणि उत्तर-पश्चिमेस बालाघाटच्या उतरणी, अशी येथील रचना आहे. येडशीजवळील रामलिंग घाटाचा अपवाद सोडल्यास दाट जंगल नाही. अशा प्रदेशातील शिकारीचे पक्षी म्हणजे राखी तित्तर, लाव्याचे निरनिराळे प्रकार, होले व माळावरील पखुर्डी. लावा गवतात किंवा कापणी झालेल्या ज्वारीच्या धसकटांत दडून बसतो, अगदी पायाशी आल्यावर भुर्रकन उठतो व थोड्याच अंतरावर पुन्हा बसतो. तित्तर तर उडण्याऐवजी बांधाच्या कडेने पळणेच पसंत करतो. या दोहोंवर बार होतो तो बहुधा पंधरा ते पंचवीस मीटरांवर. इतक्या जवळ बारा बोअरचा बार लाव्यावर काढणे म्हणजे पिसांचा व मांसाचा चेंदा करणे होय. अठ्ठावीस बोअरचा बार येथे पुरून उरतो. याउलट पखुर्डी सकाळी ठरावीक वेळी पाणवठ्यावर थव्याने, वेगाने व उंचावरून येते. तिची पिसे दाट असतात. तिच्यासाठी, तसेच हिवाळ्यात तलावांवर उतरणाऱ्या बदकांसाठी, लहान बोअरची बंदूक अपुरी होय. कोणती बंदूक चांगली हा प्रश्न असा पक्ष्याच्या स्वभावाशी व जमिनीच्या ठेवणीशी निगडित असतो.

येथील शेतकरी पिकावरचे पक्षी हाकलण्यासाठी बंदूक वापरीत नसे. दाणे भरत असलेल्या ज्वारीत माळा उभारून त्यावरून गोफण फिरविणे व आरोळ्या देणे हीच राखणीची रीत होती. कायद्याने पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद केली आहे, ती डुकरे व हरणे यांच्यासाठी. अशा जनावरांवर बारीक छऱ्यांचा उपयोग करणे क्रूरपणाचे आहे. जनावर मरत नाही, जखमा चिघळून दिवसेंदिवस तडफडते.

पक्ष्यांच्या शिकारीत खरे निष्णात होते ते फासेपारधी. तित्तराच्या आवाजाची हुबेहूब नक्कल, पाळीव तित्तराला पिंजऱ्यात ठेवून दुसऱ्यास बोलावणे, केसांचे वा तातीचे फास ओळीने मांडणे आणि शिकविलेल्या गाई-बैलाच्या आडून सावजाजवळ सरकणे, या त्यांच्या रीती होत. त्यांना छऱ्यांची गरज नव्हती आणि जखमी होऊन निसटणारा पक्षीही त्यांच्या पद्धतीत नव्हता. तरीही परवान्याची बंदूक घेऊन निघणारा मनुष्य ‘शिकारी’ म्हणून प्रतिष्ठा पावला, तर ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ पासून लागू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांमुळे पारध्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगार हा शिक्का बसला. तो कायद्याने १९५२ मध्ये पुसला गेला. समाजाच्या मनातून तो पुसला गेला असे म्हणवत नाही. शिकारीतील सभ्यतेचा जो आदर्श लहान बोअरच्या स्तुतीत वारंवार आढळतो, त्याच्याकडे पाहताना ही पार्श्वभूमी नजरेआड करता येत नाही.

शास्त्रीय संग्रहासाठी उपयोग : पक्षिविज्ञानाच्या अभ्यासात दुर्बीण व छायाचित्रण यांना आजचे स्थान मिळण्यापूर्वी पक्ष्यांची ओळख त्यांच्या जतन केलेल्या कातड्यांवरून पटविली जाई. त्यासाठी पक्षी मारावा लागे, परंतु त्याची पिसे शाबूत राहणेही तितकेच आवश्यक असे. फोर-टेनसारखी बंदूक व धुळीसारखे बारीक छरे हे या कामाचे सर्वत्र रूढ साधन होते. चिमणीएवढ्या पक्ष्यावर बारा बोअर चालविली, तर संग्रहालयाच्या उपयोगाचे काहीच उरत नाही. मुंबईची बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) हिचा पक्ष्यांचा मोठा संग्रह बव्हंशी अशाच संग्राहकांच्या श्रमांतून उभा राहिला. सोसायटीच्या वतीने सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली व तिचे वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. त्या वेळी मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्या संस्थानात मोडत होते. बालपणी हवाई बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे आपण पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळलो, असे सलीम अलींनी आत्मचरित्रात सांगितले आहे. भारतीय पक्षिविज्ञानाचा आरंभ छऱ्याच्या टोकाशी झाला, हे आजच्या वाचकास विचित्र वाटेल, परंतु ते खरे आहे.

शिकारीचा अंत : शिकारीवर निर्बंध घालण्याचे प्रयत्न १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यापासून चालू होते. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तथापि या कायद्यांचा भर शिकारीचा हंगाम व संख्या यांवर होता. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने चित्र पालटले. त्यातही प्रारंभी ‘लहान शिकार’ म्हणून काही प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या शिकारीचे परवाने मिळू शकत. चौथ्या अनुसूचीतील लावे, तित्तर वगैरे पक्षी या वर्गात होते. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची पद्धती रद्द झाली. तेव्हापासून छंद म्हणून तित्तर मारणे हा भारतात गुन्हा आहे, मग बंदूक कोणत्याही बोअरची असो. पिकांची नासाडी करणारी किंवा माणसास धोकादायक झालेली जनावरे मारण्यास वन्य जीव खात्याचे अधिकारी परवानगी देऊ शकतात. ती शिकारीची मुभा नव्हे.

हा कायदा अकारण आला नाही. सोलापूर व धाराशिव या जिल्ह्यांच्या माळांवर एके काळी वावरणारा माळढोक मोटारीतून पाठलाग करून मारला गेला. माळही नांगराखाली गेले. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले, तरी महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. लहान बोअरच्या पुरस्कर्त्यांनी सांगितलेला संयम सर्वांनी पाळला असता, तर कायद्याची गरज भासली नसती, असा युक्तिवाद कधी कधी करण्यात येतो. परंतु संयम हा बंदुकीचा गुण नसून ती धरणाऱ्याचा असतो आणि त्याची मोजदाद कोणताही परवाना करू शकत नाही.

क्रीडानेमबाजी : जिवंत पक्ष्यांच्या जागी कृत्रिम लक्ष्ये वापरण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. प्रथम काचेचे गोळे फेकीत. अमेरिकेतील जॉर्ज लिगॉव्स्की याने १८८० मध्ये मातीची चपटी तबकडी व ती फेकणारे यंत्र तयार केले. आजची तबकडी सु. ११ सेंमी. व्यासाची असून ती माती नव्हे, तर डांबरी द्रव्य व चुनखडीची भुकटी यांच्या मिश्रणाची असते. जुने नाव मात्र टिकून आहे. ट्रॅप प्रकारात तबकडी नेमबाजापासून दूर जाते. स्कीट प्रकारात ती दोन घरांतून समोरून आडवी जाते व नेमबाज अर्धवर्तुळावरील सात व दोन घरांच्या मधली एक अशा आठ जागांवरून बार काढतो. स्कीटचा जन्म १९२० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅचूसेट्समध्ये पक्ष्यांच्या शिकारीचा सराव म्हणून झाला.

लहान बोअरच्या बंदुकांना आज खरी मानाची जागा आहे ती अमेरिकी स्कीटमध्ये. तेथे बारा, वीस, अठ्ठावीस व फोर-टेन अशा चार मापांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. स्कीटच्या तबकड्या बहुधा वीस-बावीस मीटरांच्या आतच फुटतात. त्यामुळे वर उल्लेखिलेली पल्ल्याची अडचण येथे येत नाही आणि अठ्ठावीसचे गुण बाराच्या गुणांच्या अगदी जवळ राहतात. अर्ध्या औंसाच्या फोर-टेनमध्ये मात्र नेमाची किंचित चूकही क्षमा केली जात नाही. चारही मापांच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरवावयाचा असेल, तर निकाल फोर-टेनच्या फेरीत लागतो, असे जाणकार सांगतात.

ऑलिंपिक पद्धतीत स्वतंत्र मापांच्या स्पर्धा नाहीत. बारा किंवा त्याहून लहान बोअरची कोणतीही बंदूक चालते. साहजिकच सर्व स्पर्धक बारा बोअरच वापरतात. परंतु काडतुसातील छऱ्यांचा भार पूर्वीच्या जड भारांवरून टप्प्याटप्प्याने कमी करीत आता २४ ग्रॅ. ठरविण्यात आला आहे. हा भार जुन्या वीस बोअरच्या भारापेक्षाही थोडा कमी भरतो. म्हणजे ऑलिंपिक नेमबाज बंदूक बाराची धरतो व बार विसाचा काढतो. जड बंदुकीत हलका भार घातल्याने धक्का सौम्य होतो, नळी स्थिर फिरते आणि रुंद नळीमुळे छऱ्यांची रासही चेपत नाही. लहान बोअरचा जो मुख्य लाभ, थोड्या छऱ्यांत व थोड्या धक्क्यात काम भागविणे, तो अशा रीतीने मोठ्या बोअरनेच आत्मसात केला.

भारताने या क्रीडाप्रकारात उल्लेखनीय यश मिळविले आहे. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग यांनी १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले आणि ते पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. राज्यवर्धनसिंग राठोड यांना २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे रौप्यपदक मिळाले (हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला). मानवजितसिंग संधू २००६ मध्ये ट्रॅपचे जगज्जेते झाले. महाराष्ट्राचा लौकिक मात्र रायफल व पिस्तूल यांतच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे जागतिक विजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक ही त्याची उदाहरणे होत. याचे कारण कौशल्याचा अभाव हे नव्हे. हवाई रायफलीचा सराव दहा मीटरांच्या खोलीत करता येतो व तिचा छरा काही पैशांत पडतो. तबकड्यांच्या नेमबाजीस विस्तीर्ण मोकळे मैदान, यंत्रे आणि दरवेळी खर्ची पडणारी महाग काडतुसे लागतात. त्यातून लहान बोअरची काडतुसे परदेशातून मागवावी लागत असतील, तर हा छंद थोड्यांच्याच आवाक्यात राहतो.

शिशाचा प्रश्न : लहान बोअरच्या भवितव्यावर आता एका वेगळ्याच दिशेने सावट आले आहे. पाणथळ जागी पडलेले शिशाचे छरे बदके व अन्य पाणपक्षी खडे समजून गिळतात व विषबाधेने मरतात. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना सर्वत्र बंदी केली. यूरोपीय संघात पाणथळ प्रदेशांतील शिशावर २०२३ पासून बंदी आहे. पर्याय म्हणून वापरले जाणारे पोलादाचे छरे शिशाहून बरेच हलके असतात. तेवढाच मार साधण्यासाठी ते जाड घ्यावे लागतात व अधिक जागा व्यापतात. बारा बोअरच्या काडतुसात ती जागा काढता येते, अठ्ठावीसच्या किंवा फोर-टेनच्या काडतुसात ती नसते. बिस्मथ व टंग्स्टन यांचे छरे या दृष्टीने सरस आहेत. टंग्स्टनच्या काही मिश्रणांची घनता शिशापेक्षाही जास्त असल्याने त्यांनी भरलेली फोर-टेन तिच्या जुन्या मर्यादेपलीकडे मारा करू शकते. मात्र त्यांची किंमत शिशाच्या काडतुसांच्या कित्येक पट पडते.